शृंगारकथा स्वतः प्रकाशित करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शृंगारिक कथा लिहून त्या स्वतःच ई-पुस्तक म्हणून काढणारे, किंवा काढायचं मनात असलेले लेखक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शृंगारकथा आणि प्रणयकथा यांत फरक काय? माझं पुस्तक कुठल्या कप्प्यात टाकू?

प्रणयकथेचा कणा म्हणजे दोघांचं नातं. शेवट सुखाचा, निदान आशेचा हवा. त्या भरवशावरच वाचक पुस्तक उचलतो. शृंगारकथेचा कणा म्हणजे इच्छा. कुणाला काय हवं आहे, ते त्याचं त्याला कसं उमगतं, तोंडातून कसं निघतं आणि मिळाल्यावर त्याच्यात काय बदलतं, हे तिथे सांगायचं असतं. मी एक सोपी परीक्षा घेते: शय्येवरचे प्रसंग वगळून कथा वाचून बघते. उरलेली कथा उभी राहिली तर ती प्रणयकथा, खाली बसली तर शृंगारकथा.

प्रणयकथांना वाचक जास्त, म्हणून शृंगारकथा तिकडे सरकवण्याचा मोह होतो. तो टाळा. फसवणूक झालेला वाचक अभिप्रायात ते लिहितोच, आणि दुकान कप्पा बदलतं किंवा पुस्तकच अडवतं.

२. टोपणनावानं लिहिलं तर पैसे माझ्या बँकेत कसे येतील?

अकाउंट खऱ्या नावाचं, पुस्तक टोपणनावाचं. बँक आणि कर यांची माहिती फक्त दुकानाकडे राहते, वाचकाला टोपणनावच दिसतं. अमेझॉनच्या केडीपीवर (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याची सेवा) एका माणसाला एकच अकाउंट मिळतं, पण त्यात टोपणनावं कितीही ठेवता येतात. दुसऱ्या नावासाठी दुसरं अकाउंट काढू नका. लक्षात आलं की दोन्ही बंद होऊ शकतात.

अमेरिकेबाहेर राहणाऱ्या लेखकाला डब्ल्यू-८बेन हा करविषयक फॉर्म भरावा लागतो. करसवलतीचा करार लागू नसेल तर अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातात. आणि धीर धरा: केडीपीची रॉयल्टी विक्रीचा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी हातात पडते.

३. टोपणनाव घेतलं आहे. तरी खरं नाव कुठून फुटू शकतं?

माझं फुटलं होतं, म्हणून हे सविस्तर सांगते. दुसऱ्या पुस्तकाची कच्ची प्रत मी सहा वाचकांना पाठवली होती. एकीचं उत्तर आलं, त्यातला पहिलाच शब्द माझं खरं नाव होतं. तिला मी ते कधीच सांगितलं नव्हतं. हातपाय गार पडले. मग वर्डच्या फाइलवर उजवं क्लिक करून माहितीचा रकाना उघडला. तिथे ‘ऑथर’समोर माझं पूर्ण नाव, आडनावासकट. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे नाव घातलं होतं, ते प्रत्येक फाइलला आपोआप चिकटत होतं. त्या बाईंनी ते स्वतःपाशीच ठेवलं, पण ते माझं नशीब.

तेव्हापासून मी काही जागा न चुकता तपासते. वर्डच्या फाइलचा माहितीचा रकाना, आणि समासातल्या शेऱ्यांवर उमटणारं नाव. ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमधलं लेखकाचं नाव. मुखपृष्ठाच्या चित्रात दडलेली माहिती. टोपणनावाच्या सोशल मीडिया खात्याला स्वतःचा फोन नंबर देत नाही, कारण मग ओळखीच्यांना ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून तेच खातं दिसायला लागतं. ईमेल पत्ता वेगळा, ब्राउझरचं प्रोफाइलही वेगळं.

एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वाचकांना ईमेलनं वार्तापत्र पाठवणार असाल तर अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार प्रत्येक व्यावसायिक ईमेलच्या तळाशी टपालाचा पत्ता द्यावा लागतो, आणि सेवा देणाऱ्या कंपन्या तो आपोआप छापतात. घरचा पत्ता तिथे जाऊ देऊ नका. आधीच पोस्ट बॉक्स घ्या.

४. कुठे प्रकाशित करू? केडीपीच, की आणखी कुठे?

केडीपी २००७मध्ये किंडलबरोबरच सुरू झालं आणि आजही बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. ई-पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागत नाही. अमेझॉन एएसआयएन हा स्वतःचा क्रमांक देतं. मराठी ही केडीपीच्या ई-पुस्तकांच्या भाषांमध्ये आहे. पुस्तक चढवताना भाषा बरोबर निवडा.

कोबो, अ‍ॅपल बुक्स, गूगल प्ले बुक्स हीही दुकानं आहेत. २००८पासूनचं स्मॅशवर्ड्स शृंगारिक लेखनाला पूर्वीपासून मोकळी जागा देत आलं. २०२२मध्ये ते ड्राफ्ट२डिजिटल या वितरकात, म्हणजे एकच पुस्तक अनेक दुकानांत पोचवणाऱ्या कंपनीत, विलीन झालं. अशा वितरकांकडे शृंगारिक पुस्तकात कुठले विषय आहेत ते आधी कळवावं लागतं, कारण प्रत्येक दुकान प्रत्येक विषय घेत नाही. तिथे खरं सांगा. उघड कळवलेलं पुस्तक फार तर चार दुकानांत कमी जाईल. दडवलेलं सापडलं तर सगळीकडून जाईल.

केडीपी सिलेक्ट (ई-पुस्तक फक्त अमेझॉनलाच देण्याची योजना) घेतलं तर बाकीची दुकानं बंद होतात. त्याबद्दल प्रश्न ६ पाहा.

५. छोट्या कथेची किंमत किती ठेवू? ०.९९ डॉलर ठेवली तर जास्त खपेल ना?

जास्त खपेलही, पण हिशेब मांडून बघा. केडीपीवर २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीला ७० टक्के रॉयल्टी मिळते, त्याच्या खाली किंवा वर ३५ टक्के. म्हणजे ०.९९च्या प्रतीमागे सुमारे ३५ सेंट, आणि २.९९च्या प्रतीमागे सुमारे २.०९ डॉलर (त्यातून फाइलच्या आकारानुसार थोडा पाठवणी खर्च वजा). एका महाग प्रतीइतके पैसे मिळवायला स्वस्तातल्या सहा प्रती खपाव्या लागतात. म्हणूनच शृंगारकथा छोटी असली तरी २.९९ला विकण्याची पद्धत पडली, आणि वाचकांनाही तिची सवय आहे. ०.९९ मी फक्त मालिकेच्या पहिल्या भागाला लावते.

एक अपवाद: ब्राझील, जपान, मेक्सिको आणि भारत इथल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये असावं लागतं.

६. किंडल अनलिमिटेडमध्ये टाकावं का? कुणी म्हणतं सोनं आहे, कुणी म्हणतं पाय टाकू नको.

किंडल अनलिमिटेड म्हणजे वाचकानं दरमहा ठरावीक पैसे भरून हवी तेवढी पुस्तकं वाचण्याची योजना; आपलं पुस्तक तिथे केडीपी सिलेक्टमधून जातं. दोघंही खरं सांगतात, फक्त वेगवेगळ्या वर्षांबद्दल. किंडल अनलिमिटेड जुलै २०१४मध्ये आलं, तेव्हा वाचकानं पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की लेखकाला ठरावीक रक्कम मिळायची, बहुतेक महिन्यांत सव्वा ते दीड डॉलर. पुस्तक वीस पानांचं असो वा चारशे, रक्कम तीच. शृंगारिक लघुकथा लिहिणाऱ्यांना हे वरदान होतं. १ जुलै २०१५पासून पैसे वाचलेल्या पानांवर मिळू लागले आणि पानामागे सुमारे अर्धा सेंट पडू लागला. तीस पानी कथेचे सव्वा डॉलरवरून पंधरा सेंटच्या आसपास आले. एका महिन्यात कित्येकांचं गणित कोसळलं.

आज तिथे लांब कथा आणि सलग वाचली जाणारी मालिका चालते. सुट्या लघुकथा लिहीत असाल तर बाहेरची दुकानं आणि थेट विक्री जास्त फायद्याची, असं माझं मत आहे.

अट नीट वाचा: सिलेक्टमध्ये असताना ९० दिवस तेच ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता किंवा फुकट देता येत नाही. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मजकूर दाखवता येतो. मुदत आपोआप वाढते; नको असेल तर आपोआप वाढीच्या पर्यायावरची खूण आठवणीनं काढा. आणि कधीकाळी कुठे कथा फुकट टाकली असेल तर सिलेक्ट घेण्यापूर्वी ती उतरवा.

७. कुठेच चालत नाही असं काय आहे?

अठरा वर्षांखालची व्यक्ती लैंगिक प्रसंगात नको. आठवणीत नको, सूचक उल्लेखात नको, ‘दिसायला लहान पण खरं तर दोनशे वर्षांची’ अशा पळवाटेनंही नको. ही ओळ दुकानांनी आखली नसती तरी मी आखली असती. त्यापुढे बळजबरीला उत्तेजक म्हणून रंगवणं, रक्ताच्या नात्यातले संबंध आणि प्राणी हे विषय बहुतेक मोठ्या दुकानांना चालत नाहीत. खऱ्या, ओळखू येणाऱ्या माणसांवर असं लिहिणं ही तर वेगळीच आपत्ती आहे.

पात्रांचं वय पहिल्या पानावर आकड्यात किंवा निःसंदिग्ध खुणेनं द्या: नोकरीचं दहावं वर्ष, घटस्फोट, डोक्यातला पहिला पांढरा केस. आणि संमती कथेतच दिसू द्या. विचारणं आणि ‘हो’ म्हणणं यानं प्रसंगाची रंगत जाते असं सांगणाऱ्यांनी ते नीट लिहून पाहिलेलं नसतं.

कायदा देशागणिक बदलतो. दुकानाला चालतं म्हणजे तुमच्या देशाच्या कायद्याला चालतं असं नाही; हे वेगळं तपासा.

८. पुस्तक प्रकाशित झालं, पण शोधात दिसतच नाही. का?

बहुधा त्याच्यावर ‘अ‍ॅडल्ट’ शिक्का बसला आहे. असं पुस्तक विक्रीला असतं, लिंकवरून उघडतं, पण सर्वसाधारण शोधात आणि शिफारशींत येत नाही. लेखकाला तसं कळवलंही जात नाही. खाजगी विंडोत, लॉगआउट होऊन, पुस्तकाचं पूर्ण नाव शोधून बघा. तरीही नाही दिसलं तर शिक्का आहे असं समजा.

कारण बहुतेकदा आतल्या मजकुरात नसतं, बाहेरच्या आवरणात असतं: शीर्षक, उपशीर्षक, ब्लर्ब (पुस्तकाची ओळख करून देणारा छोटा मजकूर), कीवर्ड (शोधासाठी दिलेले शब्द), मुखपृष्ठ. केडीपी पुस्तक चढवतानाच विचारतं की मुखपृष्ठ, चित्रं किंवा शीर्षक उघडपणे लैंगिक आहे का. आवरण सौम्य करा, बदल नोंदवा आणि फेरतपासणीची विनंती पाठवा. ब्लर्बमध्ये काय घडतं ते सांगू नका, काय अडलं आहे ते सांगा.

९. मुखपृष्ठासाठी स्टॉक फोटो विकत घेतला आहे, म्हणजे झालं ना?

नाही. फोटो संकेतस्थळांच्या परवान्यांत बहुधा एक कलम असतं: फोटोतल्या मॉडेलला अश्लील किंवा प्रौढ आशयाशी जोडून वापरता येणार नाही. फोटो विकत घेतला म्हणजे ते कलम गळून पडत नाही. परवाना शब्दन् शब्द वाचा, शंका आली तर संकेतस्थळाला लेखी विचारा. मॉडेल निःसंशय प्रौढ दिसायला हवं. मला स्वतःला चेहऱ्याविना मुखपृष्ठं आवडतात: अर्धवट उघडं दार, खुर्चीवर टाकलेला शर्ट. त्यानं परवान्याचा प्रश्नही सुटतो आणि शिक्क्याचाही.

१०. पुस्तक अडवलं गेलं आहे आणि कारणच सांगत नाहीत. काय करू?

माझ्या चार भागांच्या मालिकेचा तिसरा भाग एका दुकानानं एका सकाळी अडवला. मेल दोन ओळींचा, नियमांचा मोघम उल्लेख, बस. पहिला, दुसरा, चौथा सुरू. वाचक विचारायला लागले, मध्येच एक भाग कुठे गेला? मी ब्लर्ब पन्नास वेळा वाचला असेल. मग लक्षात आलं की त्यात नायिकेला मी ‘ही मुलगी’ म्हटलं होतं. ती एकोणतीस वर्षांची आर्किटेक्ट होती. आपण मराठीत तिशीतल्या मैत्रिणीलाही सहज ‘मुलगी’ म्हणतो, पण तपासणाऱ्या माणसाला किंवा यंत्राला त्या शब्दात लहान मूल दिसू शकतं. मी ‘एकोणतीस वर्षांची स्त्री’ असं केलं, काय बदललं ते कळवलं, आणि भाग परत सुरू झाला. तेच कारण होतं का, हे मला कुणी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या ब्लर्बमध्ये ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ हे शब्द येत नाहीत.

तुमच्यावर ही वेळ आली तर तेच पुस्तक नव्या नावानं पुन्हा चढवू नका. ते नियम चुकवणं धरलं जातं आणि मग अख्खं अकाउंट धोक्यात येतं. पत्र थोडक्यात आणि नेमकं लिहा. रागाचा मसुदा लिहिलात तर तो पाठवू नका. आणि संकट येण्याआधीच मूळ फाइल्स, मुखपृष्ठं, विक्रीचे अहवाल आणि वाचकांचे अभिप्राय स्वतःजवळ उतरवून ठेवा. अकाउंट बंद झालं तर आत जाऊन काही काढता येत नाही.

११. दुकानं अचानक कडक का होतात? काल चाललेलं आज का चालत नाही?

कारण पुष्कळदा दुकानाच्याही मागे असतं. फेब्रुवारी २०१२मध्ये ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या पेपॅलनं स्मॅशवर्ड्सला सांगितलं की ठरावीक विषयांच्या शृंगारिक कथा काढा, नाहीतर पैशांची देवघेव बंद. लेखक, वाचक आणि अभिव्यक्तीस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि मार्चमध्ये पेपॅलनं धोरण सौम्य केलं. ऑक्टोबर २०१३मध्ये ब्रिटनमध्ये मुलांच्या पुस्तकांशेजारी शृंगारिक पुस्तकं दिसत असल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर डब्ल्यूएच स्मिथ या ब्रिटिश पुस्तकविक्रेत्यानं काही काळ संकेतस्थळच बंद ठेवलं, आणि कोबोनं ब्रिटनमधली स्वप्रकाशित पुस्तकं सरसकट उतरवली. पाककृतींची, लहान मुलांची, सगळ्याच प्रकारची पुस्तकं त्यात गेली. जुलै २०२५मध्ये पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली इच.आयओ या मुख्यतः गेम्स विकणाऱ्या संकेतस्थळानं प्रौढ आशय शोधातून काढून टाकला.

पुस्तक कायदेशीर आहे, वाचक प्रौढ आहे, तरी मधल्या कार्ड कंपनीला नको म्हणून व्यवहार थांबतो, हे मला अन्यायाचं वाटतं. यावर लेखकांनी मिळून बोलायला हवं. २०१२मध्ये बोलले म्हणून फरक पडला. स्वतःपुरतं मी एवढंच करते की सगळी पुस्तकं एकाच दुकानावर आणि सगळी वसुली एकाच मार्गावर ठेवत नाही.

१२. मराठीत लिहिताना शरीराचे शब्दच सापडत नाहीत. संस्कृत घेतले तर दवाखान्यासारखे वाटतात, बोलीतले घेतले तर शिवी ऐकू येते. तुम्ही काय करता?

सगळ्यात जास्त पत्रं याचीच येतात, आणि सगळ्यात आवडीनं मी यालाच उत्तर देते. नामांचा प्रश्न खरा आहे, पण मराठीचं धन क्रियापदांत आहे. बिलगणं, कुरवाळणं, चाचपणं, शहारणं, हुळहुळणं, रेंगाळणं, अडखळणं, विरघळणं. ‘त्याचा हात तिच्या मनगटावर रेंगाळला’ यात कुठलाही अवघड अवयव नाही, तरी वाचक थांबतो. प्रसंग क्रियापदांवर चालवा, नामांची गरज निम्म्यानं कमी होते. उरलेली नामं पात्राच्या तोंडची वापरा. जी बाई मनातल्या मनातही ते नाव घेत नाही, तिच्या प्रसंगात ‘तिथे’ हा शब्दच सगळ्यात जास्त पेटतो. जी बिनधास्त बोलते, तिला बोलू द्या.

आणि आपल्याकडे ‘तुम्ही’ आणि ‘तू’ आहे. माझ्या एका कथेत दोन सहकारी वीस पानं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. फायली, उशीर झालेली संध्याकाळ, ‘निघते मी’. तो दारापाशी पोचतो आणि ती म्हणते, ‘थांब.’ ‘थांबा’ नाही. एका कान्याचा फरक, पण त्याला कळतं, तिलाही कळतं, आणि वाचकाला दोघांच्या आधी कळतं. त्यापुढच्या प्रसंगाबद्दल मला कधी कुणी लिहिलं नाही. सगळे त्या ‘थांब’बद्दल लिहितात.

१३. जाहिराती नाकारल्या जातात. मग वाचक आणायचे कुठून?

शृंगारिक पुस्तकांच्या जाहिराती अमेझॉनसह बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, हे खरं. म्हणून पुस्तकाच्या शेवटच्या पानाला फार महत्त्व आहे. कथा संपते तिथेच, आभारांच्या आधी, पुढच्या भागाची लिंक आणि वार्तापत्राची लिंक द्या. वार्तापत्र घेणाऱ्याला एक अप्रकाशित कथा भेट द्या. दुकानानं पुस्तक उतरवलं तरी ही यादी तुमचीच राहते. माझा तिसरा भाग बंद होता तेव्हा मी वाचकांशी याच यादीतून बोलू शकले. ईमेल सेवा निवडताना तिच्या अटी वाचा, कारण काही मोठ्या सेवा लैंगिक आशय चालू देत नाहीत. पत्त्याची काळजी प्रश्न ३मध्ये आहे.

१४. माझं पुस्तक कुणीतरी फुकट वाटतंय. नोटीस पाठवू का?

अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइटच्या कायद्याखाली आशय उतरवण्याची नोटीस पाठवता येते. पण टोपणनावाच्या लेखकानं आधी हे लक्षात घ्यावं: नोटिशीत सही आणि संपर्काची माहिती द्यावी लागते, आणि ती समोरच्यापर्यंत पोचू शकते. नाव जपायचं असेल तर तुमच्या वतीनं अधिकृत प्रतिनिधीला नोटीस पाठवू द्या. चोरीच्या प्रत्येक प्रतीमागे लागू नका. पुस्तक सिलेक्टमध्ये असेल तर मात्र लगेच लागा, कारण ते दुसरीकडे कुठेही नसावं ही तिथली अट आहे (प्रश्न ६).

१५. एआयनं बनवलेलं मुखपृष्ठ किंवा मजकूर चालतो का?

केडीपी सप्टेंबर २०२३पासून विचारतं की मजकूर, चित्रं किंवा भाषांतर एआयनं तयार केलं आहे का. असेल तर सांगावं लागतं. स्वतः लिहून फक्त शुद्धलेखन किंवा सुधारणेसाठी मदत घेतली असेल तर सांगायची गरज नाही.

१६. घरच्यांना सांगावं का?

जोडीदाराला हो, असं माझं ठाम मत आहे. बँकेत येणारे पैसे, रात्रीचं लिहिणं, बंद ठेवलेला लॅपटॉप, यांचा अर्थ दुसराच लावला जाण्यापेक्षा स्वतः सांगितलेलं बरं. ‘हे आपल्याबद्दल आहे का?’ हा प्रश्न येणारच. त्याचं खरं उत्तर आधी स्वतःशी ठरवा. बाकीच्यांना सांगणं ही तुमची खुशी. नोकरीच्या करारात बाहेरच्या उत्पन्नाबद्दल किंवा वर्तणुकीबद्दल कलम असेल तर ते मात्र आधी वाचा.

१७. मी मुलांसाठीही लिहिते. दोन्ही एकाच अकाउंटमधून चालेल?

चालेल, आणि केडीपीवर दुसरा मार्गही नाही (प्रश्न २). टोपणनावं मात्र पूर्ण वेगळी ठेवा: वेगळं लेखक पान, वेगळं वार्तापत्र, वेगळा मुखपृष्ठकार. दोन नावं शेजारी दिसतील असा दुवा कुठेच नको. आणि शृंगारिक पुस्तकाला कीवर्ड देताना मुलांच्या पुस्तकांत सापडतील असे शब्द टाळा.

१८. एक दिवस सगळं थांबवायचं ठरवलं तर पुस्तकं पुसली जातात का?

विक्री थांबते, पुस्तकं पुसली जात नाहीत. ज्यांनी ई-पुस्तक विकत घेतलं त्यांच्या संग्रहात ते राहतं. छापील आवृत्ती काढली असेल तर अमेझॉनवर तिचं पान जुन्या प्रतींच्या विक्रीसाठी राहतं, आणि गुडरीड्स हे वाचकांच्या अभिप्रायांचं संकेतस्थळ प्रकाशित झालेल्या पुस्तकाची नोंद काढत नाही. म्हणून छापील प्रत काढण्याआधी प्रश्न ३मधल्या सगळ्या जागा पुन्हा एकदा तपासा, विशेषतः हक्कांच्या पानावरचं नाव.